दोन काचा

उन्हाळा चढला तशा मिस्त्रीच्या शेडमधल्या फळ्या उलायला लागल्या. पांढऱ्या, हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या, सावलीत एकीवर एक रचलेल्या, मधे वारा खेळायला बारीक काठ्या. एरवी त्या इतके दिवस पडून राहत नसत. कापल्या, साच्यावर आखल्या, करवतीखालून निघाल्या, कानस फिरली, पॉलिश पेपर फिरला की जुड्या बांधून दवाखान्यात. या वर्षी दवाखान्याची गाडी माल न्यायला आलीच नाही. कोरडा वारा सुटला आणि भर दुपारी शेडमध्ये कोणी नसताना कट्‌कन आवाज व्हायला लागला.

"ही पण गेली," म्हणत मिस्त्री फळी उचलायचा, उजेडात धरून फट किती गेलीय ते बघायचा आणि जळणात टाकायचा.

या फळ्यांतून ते घर पट्ट्या करायचं. वीतभर लांब, बोटाएवढी रुंद. एक टोक गोल, दुसऱ्या टोकाला दोन उंचवटे, त्यातला एक जरा पुढे आलेला. बायकांच्या तपासणीला ती लागते. गर्भपिशवीच्या तोंडाशी ती फिरवतात, तिला जे लागून येतं ते काचेवर पुसतात आणि ती काच दुर्बिणीखाली बघतात, कॅन्सर धरायच्या आधी काही कळतं का म्हणून. गावातल्या बायकांना हे ठाऊक होतं आणि पुरुषांना ठाऊक असून नव्हतं. कोणी मिस्त्रीला विचारलंच, "एवढ्या पट्ट्या करतोस कशाला रे?" तर तो म्हणायचा, "दवाखान्याला लागतात." "कशाला?" "लागतात." विषय संपला. घराला मात्र सगळे पट्टीवाले म्हणायचे.

करवत मुलगा चालवायचा, कानस मिस्त्रीची. शेवटचा हात मिस्त्रिणीचा. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक बाई. पॉलिश झालेली पट्टी ती बोटानं तपासायची नाही. बोटांना घट्टे पडलेत, त्यांना काय कळतंय, म्हणायची. पट्टीचं टोक ती गालावरून फिरवायची. लाकडाची जराशी कूस वर आलेली असली तरी गालाला कळायचं. सून हाताशी बसली की तिनं पास केलेल्या ढिगातूनही सासू चारदोन बाजूला काढायची.

"ही बोचते गं."

"मला नाही बोचत, आई."

"तुझं काय जातंय. जिला लागेल तिला विचार."

वाट बघून बघून शेवटी मिस्त्री मुलाच्या मागे गाडीवर बसला आणि दवाखान्यात गेला. स्टोअरवाला जुना माणूस, मिस्त्रीच्या वयाचा. त्यानं स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला, आणि चहा मागवला तेव्हाच मिस्त्रीच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. एरवी हा माणूस पाणीसुद्धा विचारायचा नाही.

स्टोअरवाल्यानं खोक्यातून एक पुडी काढून फोडली. प्लास्टिकची बारीक दांडी, टोकाला मऊ केसांचा गोंडा.

"हे काय, बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू?" मिस्त्री म्हणाला. मुलगा हसला.

"हसा. हेच बसणार आहे तुमच्या जागेवर," स्टोअरवाला म्हणाला. "अजून बसलं नाही. आधी तुलना करताहेत. प्रत्येक बाईला आधी तुझी पट्टी, मग हा ब्रश. पट्टीचं एका काचेवर, ब्रशचं दुसऱ्या काचेवर. काचा वाचणाऱ्याला सांगत नाहीत कुठली कशाची. ज्यात जास्त सापडेल ते ठेवतील. तोवर खरेदी बंद."

मिस्त्रीनं ब्रश हातात घेतला. गोंडा अंगठ्यानं वाकवला, सोडला. "याला घासून येईल तरी काय?" म्हणाला. "यापेक्षा पट्टीची कड बरी. कड असली की माल उचलला जातो."

"ते मला नको सांगू. मी खोकी मोजणारा माणूस."

परत निघताना व्हरांड्यात नर्सबाई भेटली. हीच आठवड्यातून एकदा गावात यायची. तिनं मिस्त्रीला हाक मारून थांबवलं.

"मिस्त्री, तुमच्या गावातनं एकही बाई येईना तपासणीला. परवा शाळेच्या खोलीत दिवसभर बसून होते. एकजण आली, तीही पाणी प्यायला."

"मी काय करू त्याला?"

"तुमच्या घरच्या येऊ देत. पट्टीवाल्यांच्याच बायका येत नाहीत म्हटल्यावर बाकीच्या कशाला येतील?"

गाडीवर वाटभर मिस्त्रीच्या डोक्यात तेच घोळत होतं. बायका आल्या नाहीत तर तुलना व्हायची कशी? आणि तुलना झाली नाही तर फळ्या अशाच उलत बसणार. घरी आल्यावर पाण्याचा तांब्या हातात घेऊनच तो बायकोला म्हणाला, "या वेळी तू जा. सुनेलाही घेऊन जा."

"कुठं?"

"तपासणीला. शाळेत."

मिस्त्रीण जमिनीवर पसरलेल्या पट्ट्या गोळा करत होती. तिचा हात थांबला. "मला काय झालंय?"

"झालंय कुठं? झालं नाही म्हणूनच जायचं. आपलीच पट्टी, आणि आपल्याच घरात भ्यायचं होय?"

"भ्यायचं नाही हो. पण माझं वय काय आता..."

"वयाचं काय त्यात," मिस्त्री म्हणाला आणि तांब्या तोंडाला लावला. त्याच्या लेखी ठरलं होतं.

सून दारातनं सासूकडे बघत होती. पावसाळ्यापासून सासू आपले कपडे आपणच धुते, तेही सगळ्यांच्या आधी उठून, आणि दोरीवर न टाकता शेडमागे फळ्यांच्या आडोशाला वाळत घालते, हे तिनं पाहिलं होतं. एकदा मोरीत लालसर पाणी राहिलं होतं. सासूची पाळी जाऊन किती वर्षं झाली होती. सुनेनं तेव्हा विचारलं नाही. सासूला असलं विचारायचं कसं?

शाळेच्या खोलीत बाकं भिंतीला लावून मधे चादरीचा पडदा बांधला होता. पट्टीवाल्यांच्या दोघी आल्या हे बघून गल्लीतल्या आणखी सातआठ जणी आल्या आणि बाकांवर दाटीवाटीनं बसल्या. नर्सबाई सगळ्यांसमोरच विचारत होती. वय काय, मुलं किती, पाळी कधी गेली.

"पाळी गेल्यावर परत कधी रक्त गेलं?"

मिस्त्रिणीच्या शेजारी दुधवाल्याची बायको बसली होती, पलीकडे शिंपीणबाई. दोघींचे कान टवकारलेले. "नाही," मिस्त्रीण म्हणाली.

"थेंबभरसुद्धा?"

"नाही म्हटलं ना."

सुनेनं मान खाली घातली.

पडद्यामागे उंच टेबल होतं आणि डॉक्टरबाई, तरुण, घामानं भिजलेली. शाळेचा पंखा बंद होता. मिस्त्रीण टेबलावर चढली, आडवी झाली, गुडघे वर घेतले. छताच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून आलेला उजेड तिच्या पोटावर पडला होता. नऊ महिन्यांची गरोदर असतानाही तिनं कोणापुढे असे पाय फाकवले नव्हते. मुलगा घरीच झाला होता, म्हाताऱ्या सुईणीच्या हातून, अंगावर चादर असताना.

"सैल सोडा, मावशी. तोंडानं श्वास घ्या."

गार लोखंड आत गेलं. मिस्त्रिणीनं टेबलाची कड धरली. मान वळवली तर नर्सबाईच्या हातात पट्टी दिसली. दोन उंचवट्यांचं टोक, पुढे आलेल्या उंचवट्याला जरा जास्त गोलाई. साच्याचा तो कोपरा झिजलाय म्हणून ती गोलाई येते. आपलीच.

"ती आमच्याकडची आहे," ती म्हणाली.

"माहिती आहे," डॉक्टरबाई म्हणाली. "हलू नका."

आत काहीतरी गोल फिरलं. बोचलं नाही. इतकी वर्षं गालावरून फिरवलेल्या पट्ट्या शेवटी कुठं जातात हे तिच्या अंगाला आता कळलं, आणि बोचलं नाही म्हणून तिला त्या अवघडलेपणातही बरं वाटलं. मग ब्रश. तो खोल गेला. ओटीपोटात कळ आली आणि ती "आई गं" म्हणाली.

"झालं, झालं." डॉक्टरबाईनं काच वर धरून पाहिली. "मावशी, रक्त आलंय जरासं. ब्रशनं कधी कधी येतं. तुम्हाला काही त्रास नाही ना?"

पडद्यापलीकडे शिंपीणबाई खोकली.

"नाही," मिस्त्रीण म्हणाली.

त्या दिवसानंतर मिस्त्री खुशीत होता. गावातल्या बायका जायला लागल्या होत्या. उललेल्या फळ्यांतूनही निघतील तेवढ्या पट्ट्या काढू, म्हणाला, ऑर्डर आली की धावपळ नको. वीज असेल तेवढा वेळ करवत चालायची, एरवी कानस. भुसा नाकात, भुवयांत, चहाच्या कपात. मिस्त्रीण गठ्ठे उचलून रॅकवर ठेवायची आणि ठेवून झाल्यावर क्षणभर रॅकला टेकून उभी राहायची. कंबर धरली होती. खाली ओलं लागलं की ती काहीतरी निमित्त काढून शेडमागे जायची.

नर्सबाई आली ती दुपारच्या उन्हात, आठवड्याचा तिचा दिवस नसताना. शेडच्या दारात उभी राहून तिनं आधी पाणी मागितलं. मग म्हणाली, "करवत जरा बंद करता का?"

मुलानं करवत बंद केली.

"मावशींच्या काचा वाचून आल्या. एक काच स्वच्छ आहे. दुसरीवर पेशी बदललेल्या दिसताहेत. बऱ्याच बदललेल्या. मोठ्या दवाखान्यात यावं लागेल, आतून छोटा तुकडा काढून बघायचा आहे."

मग मिस्त्रीनं विचारलं, "स्वच्छ कुठली?"

"मिस्त्री, ते महत्त्वाचं..."

"कुठली ते सांगा ना."

"पट्टीची."

मिस्त्रीच्या तोंडावर हसू आलं. त्याचं त्यालाही ते शोभलं नसावं, कारण त्यानं लगेच हातानं मिशी पुसली. "मग झालं तर," तो म्हणाला.

"झालं नाही. एकीत दिसलं म्हणजे आहे. दुसरीत नाही दिसलं म्हणजे नाही, असं होत नसतं."

"का नाही होत? ब्रशनं खरवडलं असेल. ही सांगत होती, दुखलं म्हणून. रक्त काढलंत तुम्ही. खरवडल्यावर काहीही दिसेल. आणि मी म्हणतो, तुम्हाला ब्रश आणायचेतच, मग तुमची काच कशाला चांगलं सांगेल?"

नर्सबाईचा चेहरा तांबडा झाला होता, उन्हानं की रागानं ते कळत नव्हतं. "काच वाचणाऱ्याला ब्रश कुठला, पट्टी कुठली, काही माहीत नसतं. हे तुम्हालाही सांगितलेलं आहे." मग ती मिस्त्रिणीकडे वळली. "मावशी, तुम्ही या. कोणी काही म्हणो. फार दिवस लावू नका."

ती गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, पुन्हा एकदा करून बघू ना महिन्याभरानं. दोन्ही."

"बघू," मिस्त्री म्हणाला. "चालू कर."

करवत चालू झाली. मिस्त्रिणीनं पट्टी उचलली, गालाला लावली, ढिगात टाकली. सुनेनं तीच पट्टी परत उचलली. तिच्या टोकाला चांगली नखाएवढी कूस होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सून मोरीच्या दारात उभी राहिली. आत सासू उकिडवी बसून कपडा पिळत होती. सून हटली नाही.

"आई, हे पावसाळ्यापासून चाललंय ना?"

सासूनं पाणी ओतून मोरी धुतली. "दार लाव."

सुनेनं दार लावलं, पण आतून. दोघी त्या ओल्या, काळोख्या जागेत समोरासमोर.

"नर्सबाईंनी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"त्या शिंपिणीसमोर सांगू? गावभर झालं असतं संध्याकाळपर्यंत."

"आणि डॉक्टरबाईंना?"

"तोवर नाही म्हणून बसले होते ना." मिस्त्रीण उठायला गेली आणि भिंतीला धरून थांबली. "वय झालं की होत असेल कुणाकुणाला, असं वाटलं मला. मग वाढलं. मग वाटलं, जाईल."

"बाबांना सांगा."

"काय सांगू? तुमची पट्टी खोटी पडली म्हणून? जन्मभर तेच केलंय त्यांनी. आता मीच उठून..."

"तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते." या घरात आल्यापासून सून सासूशी असं बोलली नव्हती. "माझ्या दोन्ही काचा स्वच्छ आल्या, आई. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं. पण तेव्हापासून घास जात नाही."

मिस्त्रीण तिच्याकडे बघत राहिली. मग ओल्या हातानंच तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सरक, जाऊ दे मला."

मुलगा बाजाराला गेला होता म्हणून त्या दुपारी करवतीवर मिस्त्री स्वतः होता. डोळे बारीक करून तो साच्याची रेघ पकडत होता. मिस्त्रीण त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. तिला तो कधी करवतीसमोर उभं राहू द्यायचा नाही. तुकडा उडाला तर डोळा जाईल म्हणायचा.

"बाजूला हो," तो ओरडला.

ती हलली नाही. काहीतरी बोलली. आवाजात ऐकू आलं नाही.

"काय?"

"रक्त जातंय मला," ती ओरडली. "पावसाळ्यापासनं."

मिस्त्रीनं बटण दाबलं. पातं एकदम थांबत नाही. आवाज उतरत उतरत गेला, आणि तो पूर्ण थांबेपर्यंत दोघंही पात्याकडेच बघत होते.

"ब्रशनं लागलं असेल," तो म्हणाला.

"ब्रशच्या किती आधीपासून जातंय."

"मग मला का नाही बोललीस?"

"ही बोलायची गोष्ट आहे का? आणि तुम्ही कधी विचारलंत?" तिचा आवाज चढला नव्हता. "पट्ट्या उचलताना मी धरून धरून उभी राहते, ते दिसत नव्हतं तुम्हाला? रोज समोर असते."

मिस्त्रीनं डोळ्यांवरचा चष्मा काढला. काचांवर भुसा होता. तो शर्टाच्या टोकानं पुसायला लागला, पण शर्टावरही भुसाच होता. त्यानं चष्मा परत घातला.

"मला वाटलं, कंबर," तो म्हणाला.

"मीही स्वतःला तेच सांगत होते."

तो हौदापाशी गेला. कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, आत जाऊन धुतलेला शर्ट घालून बाहेर आला. "चल."

"आत्ता? आत्ता दवाखाना बंद असेल. दुपार झाली."

तो तसाच उभा राहिला, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. जायला जागा नाही म्हणून तो दाराच्या उंबऱ्यावरच बसला. "मग सकाळी," म्हणाला. दिवसभर तो शर्ट त्यानं काढला नाही.

मोठ्या दवाखान्यात तुकडा काढला. पिशवीच्या तोंडाच्या आतल्या नळीत गाठ होती, हरभऱ्याएवढी. कॅन्सर. डॉक्टरबाई म्हणाली, जागच्या जागी आहे, पसरलेला दिसत नाही, पिशवी काढावी लागेल. मिस्त्रीण म्हणाली, "काढा." तिनं कोणाकडे पाहिलं नाही.

मिस्त्री मात्र खोलीतून निघेना. बायकोला सून बाहेर घेऊन गेली, मुलगा गेला, तरी तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"काही विचारायचंय का?" डॉक्टरबाई म्हणाली.

"आमच्या पट्टीला का नाही सापडलं?"

डॉक्टरबाईच्या टेबलावर कागदांचा ढीग होता, बाहेर बायका ताटकळत होत्या. तिनं पेन खाली ठेवलं आणि मूठ वळून त्याच्यासमोर धरली. "हे पिशवीचं तोंड समजा. हा रोग एका ठरावीक कडेला धरतो. बाई तरुण असते तेव्हा ती कड इथं असते, बाहेर." तिनं अंगठ्याजवळच्या घडीवर बोट ठेवलं. "तिथं तुमची पट्टी छान बसते. वय झालं की ती कड आत सरकते." पेन उचलून तिनं मुठीत खुपसलं. "इथं. पट्टी तिथपर्यंत जातच नाही. ब्रश जातो."

"म्हणजे पट्टीत खोट नव्हती."

"कामात खोट नव्हती. पोचली नाही, एवढंच."

"टोक लांब केलं असतं तर?"

"लांब टोकाच्या असतात पट्ट्या. त्यांनी थोडा फरक पडतो. तरी अशा बाईला नुसत्या पट्टीवर सोडू नये."

मिस्त्री तिच्या मुठीकडे बघत होता. डॉक्टरबाईनं पेन काढून मूठ उघडली. "मावशींनी रक्ताचं लपवलं नसतं तर आम्ही पट्टी-ब्रश काही न बघता थेट तुकडाच काढला असता," ती म्हणाली. "पण घरातही कोणाला सांगितलं नव्हतं म्हणतात."

"नव्हतं," मिस्त्री म्हणाला आणि बाहेर आला.

ऑपरेशनच्या दिवशी तो आणि मुलगा व्हरांड्यातल्या फरशीवर बसून होते. मुलानं चहा आणला, त्यावर साय धरली. बाजूला कोणाचा तरी नातेवाईक मोबाईलवर जोरजोरानं जमिनीचा वाद घालत होता, आणि मिस्त्री तो वाद इतक्या लक्ष देऊन ऐकत होता की मुलाला वाटलं, बाबांना ती माणसं माहीत आहेत. दार उघडलं, ढकलगाडी निघाली. मिस्त्रिणीचं तोंड पांढरं, ओठ सुकलेले, नाकात नळी. मिस्त्री गाडीबरोबर चालायला लागला. वॉर्डच्या दाराशी आयाबाईनं अडवलं. "बायकांचा वॉर्ड आहे, पुरुषांनी बाहेर." तो बाहेर थांबला. सून आतबाहेर करत त्याला सांगत होती, डोळे उघडले, पाणी मागितलं, उलटी झाली, तुमचं विचारलं.

"काय विचारलं?"

"जेवले का, म्हणाल्या."

मिस्त्रीनं भिंतीकडे तोंड केलं.

गाठ पसरली नव्हती. काढलेल्या पिशवीच्या कडा स्वच्छ निघाल्या. महिन्या-महिन्यानं दाखवायला या म्हणून घरी सोडलं. घरी आल्यावर तिला वाकायचं नव्हतं, उचलायचं नव्हतं. पहिल्या दिवशी मिस्त्रीनं तिला अंघोळीचं पाणी काढून दिलं ते इतकं कढत की तिनं बादलीत बोट घालून काढून घेतलं. "माझी सालं काढताय का?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यानं आधी कोपर बुडवून बघितलं. मोरीच्या दाराबाहेर तो उभा राहायचा. आतून हाक आली की टॉवेल द्यायचा, मान वळवून. एकदा ती म्हणाली, "वळवताय कशाला मान? काय राहिलंय आता?" तेव्हा त्यानं मान सरळ केली आणि तिच्या पाठीवर पाणी ओतलं.

दवाखान्यातून निरोप आला. तुलना संपली होती. आता प्रत्येक बाईला दोन्ही लावणार होते, पट्टी आणि ब्रश. पट्ट्या लागतील, पण लांब टोकाच्या, आणि पहिल्यापेक्षा कमी, कारण काही प्लास्टिकच्याही येणार होत्या. मुलगा साच्यासाठी पत्रा घेऊन आला. मिस्त्रीनं नवा साचा कापला, घासला, आणि उरलेल्या फळ्यांचं काय करायचं म्हणून मुलाला जवळच्या खेळण्यांच्या कारखान्यात चौकशी करायला पाठवलं.

त्याच सुमाराला आक्का आली. मिस्त्रीची थोरली बहीण, पलीकडच्या वस्तीत राहणारी, नवरा गेल्यापासून एकटी, साठीची, जिभेला धार. भावजयीच्या उशाशी बसून तिनं पिशवीतून फळं काढली, एक सोलून तिच्या तोंडासमोर धरलं आणि म्हणाली, "किती वाळलीस गं. खा. नाहीतर पुढच्या वाऱ्याला उडशील."

"खाते, वन्सं."

"मला सांगायचंस तरी. मी तर कधीच करून घेतलं बाई. मागच्या साली आमच्याकडे गाडी आली होती तपासणीची. नर्स पट्टी काढते तर मी ओळखली. म्हटलं, माझ्या भावाच्या हातची आहे, बिनघोर लाव. स्वच्छ, म्हणाली. मी म्हटलं, खोटं कसं सांगेल? माझा भाऊ एक सूत इकडचं तिकडं होऊ देत नाही."

मिस्त्रिणीनं फळाची फोड तोंडातून काढून हातात धरली. मिस्त्री दारात बसला होता, कानशीला तेल लावत.

"ब्रश लावला होता?" त्यानं विचारलं.

"कसला ब्रश?"

"केसांचा. पट्टीनंतर."

"नाही बाबा. पट्टीच."

मिस्त्रीनं कानस खाली ठेवली. उठून आत आला आणि बहिणीसमोर जमिनीवर बसला. "आक्का, परत जायचं," तो म्हणाला.

"कशाला? झालंय माझं."

"नाही झालं. तुझ्या वयाला पट्टी पोचत नाही."

"म्हणजे काय? आणि तुला काय कळतंय त्यातलं?"

मिस्त्रीनं मूठ वळली आणि तिच्यासमोर धरली. त्याचे कान लाल झाले होते. "हे बायकांच्या पिशवीचं तोंड," तो म्हणाला. "हा रोग होतो तो या कडेला. तरुणपणी ती बाहेर असते. पाळी गेली की आत जाते." दुसऱ्या हाताचं तेलकट बोट त्यानं मुठीत घातलं. "इथं. हिची गाठ इथं होती. माझी पट्टी बाहेरच फिरून आली आणि स्वच्छ म्हणाली. नुसती पट्टी लावून सोडायला लागले तर टेबलावरून उठू नकोस. ब्रश लावा म्हण. आणि रक्तबिक्त जात असेल तर तेही सांग, कोणी शेजारी बसलेलं असलं तरी."

आक्का त्याच्या मुठीकडे बघत होती. आयुष्यभर या भावाच्या तोंडून तिनं पाळी हा शब्द ऐकला नव्हता.

"मेल्या," ती म्हणाली, "सख्ख्या बहिणीपुढे असलं बोलायला लाज नाही वाटत तुला?"

"वाटते," मिस्त्री म्हणाला. "तरी जा."

आक्कानं हातातली सालं पिशवीत भरली, परत काढली, परत भरली. "एकटी नाही जाणार मी," ती म्हणाली. आवाजातली धार गेली होती.

"मी येतो."

खाटेवर मिस्त्रीण भिंतीकडे वळली. टाके ओढत होते म्हणून तिनं दोन्ही हातांनी पोट घट्ट धरलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय हे सुनेला दारातून कळेना. ती जवळ गेली तेव्हा सासूनं तोंड न वळवताच हात मागे केला आणि मघाची फोड तिच्या हातात दिली.

"वन्संना चहा टाक," ती म्हणाली. "घाबरल्यात."